विमलचं सर्वनाम

आमच्या विमलचा घात एका सर्वनामानं केला. नवऱ्यानं केला नाही असं नाही, भावानं केला नाही असंही नाही. पण ती माणसं. त्यांच्याकडून कसली अपेक्षा करायची? व्याकरणाकडून मात्र ही अपेक्षा नव्हती.

परवा माझी नात स्वयंपाकघरातून नवऱ्यावर ओरडली, "अरे निखिल, पलंगावरचा ओला टॉवेल आधी उचल." निखिल आला, टॉवेल उचलून गेला. घराला भेगा पडल्या नाहीत. मी मात्र मेथी निवडायची थांबले. आमच्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. एरवी त्याला 'हे' म्हणायचं. आमच्या नागपूरकडच्या बोलीत 'यायनं', 'यायले', म्हणजे ह्यांनी, ह्यांना. मी तर अशी पतिव्रता, की रेशनकार्ड करायला गेले आणि कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा पदर तोंडाशी धरून म्हटलं, "ऋतूंचा राजा." नवऱ्याचं नाव वसंत. कारकून हिंदी बोलणारा, त्याला कसली कोडी? त्यानं 'ऋतुराज' असं लिहून घेतलं आणि पुढं वर्षभर आमच्या घरी साखर नि रॉकेल ऋतुराजच्या नावानं आलं. विमल कितीतरी दिवस मला गल्लीतून हाक मारून विचारायची, "काय वं सुमन, ऋतुराज जेवला का?"

विमल आणि मी शाळेत एका बाकावरच्या. पुढे माझं सासर तिच्या माहेरच्याच गल्लीत निघालं, नागपूरच्या महाल भागात. बायकांच्या मैत्रीला त्या काळी एवढं एकच नशीब लागायचं: सासर जवळ पडायला हवं.

विमल उंच, सावळी, चालताना पाठ ताठ. घड्याळ उजव्या मनगटावर बांधायची. का म्हणून विचारलं तर म्हणायची, "डाव्या हाताची वेळ खराब आहे." हिरवी मिरची काकडीसारखी कचाकचा खायची. उखाणे करण्यात तिचा हात धरणारी अख्ख्या महालात कोणी नव्हती. कोणाचं लग्न ठरलं की मुलगी आधी विमलकडे जायची, मग शिंप्याकडे. माझ्या लग्नात तिनं मला जो उखाणा पढवला तो मी मान खाली घालून, अगदी सात्त्विक आवाजात म्हटला (सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर):

सांबाराची वडी, तिच्यात खसखस थोडी,
वसंतराव दिसतात साधे, अंगात भारी खोडी.

सासूबाईंना ठसका लागला. मंडपातल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. मला वाटलं, माझ्या उच्चारांचं कौतुक चाललंय. खोडी म्हणजे काय ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.

तिचं स्वतःचं लग्न माझ्या आधीच झालं होतं, जबलपूरला. नवऱ्याचा संसार तिथं आधीच दुसरीकडे थाटलेला होता आणि ही गोष्ट लग्नाआधी सगळ्यांना माहीत होती, विमल सोडून. वर्षाच्या आत तो तिला दिवाळीसाठी म्हणून भावाकडे सोडून गेला. ती दिवाळी काही संपली नाही.

मग ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. कानाला पट्टा, समोर बोर्ड, बोटांत तारा. घरी अस्सल वऱ्हाडी बोलणारी ही बाई तिथं असं काही मऊ, धुतलेलं मराठी बोलायची की ऐकणाऱ्यानं खुर्चीत सरळ बसावं. आमच्या गल्लीत एक वकील होते. ट्रंक कॉल लावून देणाऱ्या त्या 'सुसंस्कृत मुली'चं कौतुक ते चारचौघांत करायचे. आणि तीच मुलगी संध्याकाळी समोरून आली, की टाकलेल्या बाईची सावली नको म्हणून रस्ता ओलांडायचे. विमलला दोन्ही माहीत होतं. ती नुसतं हसायची. एक्स्चेंजमध्ये ऐकलेलं तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. मी पुष्कळ पिळून पाहिलं. "सांग ना वं, त्या कापडवाल्या शेटजीचं काय झालं?" म्हटलं की हात वर करून ट्रंक कॉलवरच्या आवाजात म्हणायची, "बाई, तुमची तीन मिनिटं झाली." आणि उठायची.

हळदीकुंकवाला तिचं काय करायचं, हा गल्लीचा मोठा पेच होता. नवरा जिवंत, म्हणून सवाष्ण. नवरा नाही, म्हणून नाही. पेठेकाकू म्हणून एक वडीलधाऱ्या बाई होत्या, त्यांनी तोडगा काढला: हळद आपण लावायची, कुंकवाचा करंडा मात्र तिच्यापुढे धरायचा, तिचं तिनं लावून घ्यावं. पाप लागलं तर तिचं तिला. मी तेव्हा मासिकं वाचणारी, केसांचा फुगा काढणारी, स्वतःला भारी सुधारक समजणारी सून. मला तो तोडगा अतिशय पुरोगामी वाटला होता! विमल करंड्यात बोट बुडवायची आणि कपाळावर एवढं मोठं कुंकू लावायची की पेठेकाकूंना पुढच्या बाईसाठी करंडा भरून आणावा लागायचा.

आता ते सर्वनाम.

साल सहासष्ट-सदुसष्ट असावं. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर गल्लीतल्या बायका सांडगे घालायला जमायच्या. हात पिठात आणि तोंडात नवरे. त्या दिवशीही तेच चाललं होतं.

"आमच्या यायले तिखटाशिवाय जेवण जात नाही बाप्पा."

"यायले गोड लागते. भाताबरोबरही गूळ."

विमल बोटानं एकेक सांडगा सोडत होती. मान वर न करता, अगदी सहज, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून ती म्हणाली, "यायले वांगं चालत नाही. ओठ सुजतात."

सगळे हात थांबले.

"कोणाले वं?" पेठेकाकूंनी विचारलं.

मी सुधारक ना, मी धावले. "भाऊले! तिच्या भाऊले म्हणते ती."

समोरच विमलची वहिनी बसली होती. ती भाबडेपणानं म्हणाली, "यायले? यायनं तर काल भरताचं पातेलं पुसून खाल्लं."

विमल 'त्यायले' म्हणाली असती तरी निभावलं असतं. 'ते' दूर असतात, ऑफिसात असतात, त्यांचे ओठ सुजले तर सुजू देत. 'हे' घरात असतात. दहा वर्षं नवऱ्याचं तोंड न पाहिलेल्या बाईच्या तोंडात 'हे' आले कुठून?

तिनं वर पाहिलं. मला वाटलं आता काही तरी रचून सांगेल. तिची जीभ काय कमी होती? पण ती म्हणाली, "मेश्रामले. आमच्या ऑफिसातले सुपरवायझर आहेत." आणि पुढचा सांडगा सोडला.

"मेश्राम म्हणजे..." पेठेकाकू म्हणाल्या आणि थांबल्या. नागपुरात आडनाव कळलं की पुढचं वाक्य पुरं करावं लागत नाही. मेश्रामांच्या घरानं छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. त्यांचं गाव कुहीकडे, थोडी धानाची शेती, म्हातारी आई. माणूस चष्मेवाला, मोजकं बोलणारा, उन्हातही छत्री बंद करून हातात धरणारा.

संध्याकाळी विमलचा भाऊ मला बोलवायला आला, "वहिनी, तुम्हीही या, तुम्ही तिच्या मैत्रीण." भाऊ वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज चढवला नाही, दार लावून घेतलं नाही. वाईट असता तर विमल त्याच पावली घर सोडून गेली असती. पण तो रडला. "मले तीन पोरी आहेत, विमल. तू फारकतीसाठी कोर्टात गेली, अन् वरून हे, तर माझ्या उंबऱ्यात कोण येईल पोरी मागायले? एवढ्या तीन उजवू दे. मग कर तुले पाहिजे त्याच्याशी लग्न. मी स्वतः उभा राहून लावून देईन."

धाकटी, बेबी, तेव्हा बोबडं बोलायची. विमलच्या मांडीवर झोपली होती.

"थांबते," विमल म्हणाली.

ती मला घरी सोडायला आली तेव्हा वाटेत मी तिला म्हटलं, "येडी आहेस का? तीन लग्नं म्हणजे किती वर्षं ते कळते का तुले?"

"कळते वं. पण कोणाच्या पोरी आहेत? मीच वेण्या घालते त्यायच्या." मग थोडं चालून म्हणाली, "मेश्राम थांबतील. त्यायले घाई नसते."

मेश्राम थांबले. त्यांच्या घरीही काही चौघडे वाजत नव्हते, आई विचारायची, "टाकलेली बाई काहून आणून राहिला गा? आपल्यात पोरी नाहीत का?" तरी थांबले. महिन्यातून एखाद्या रविवारी दोघं सीताबर्डीवर भेटायची आणि सोबतीला मी. घरी मी सांगायची, खरेदीला जाते. आपल्याला कोणी ओळखू नये म्हणून मी काळा गॉगल लावून जात असे. बर्डीवर त्या काळी साडीवर गॉगल लावलेली बाई म्हणजे सर्कशीचा हत्ती. अख्खा रस्ता माझ्याकडे पाही, त्या दोघांकडे कोणी ढुंकून पाहत नसे. तेवढाच माझा उपयोग. हॉटेलात मी दोघांच्या मधोमध बसून आलुबोंडे खायची आणि घरी येऊन उसासे टाकायची, जणू प्रेमकथा माझीच. ते दोघं मात्र बोलायचे काय? बोर्डाला कोणती नवी केबल आली. कुहीकडे धान कसं आहे. ती त्यांना 'मेश्राम' म्हणायची आणि ते तिला 'मॅडम'. ते 'हे' मी परत कधी ऐकलं नाही.

थोरलीचं लग्न झालं. उखाणे विमलनं केले. मधलीला स्थळं नकार देत राहिली, दोनदा तर ठरून मोडलं, आणि दोन्ही वेळा वहिनी विमलकडे पाहून रडली, की कोणीतरी जाऊन सांगितलं असेल. सांगणार काय? सीताबर्डीवरचे आलुबोंडे? शेवटी तिचंही झालं. अक्षता पडल्या त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही तिघं हॉटेलात बसलो होतो. मेश्रामांच्या कानांशी केस पांढरे झालेले.

"आता एक राहिली," ते म्हणाले.

"बेबी आठवीत आहे," विमल म्हणाली.

त्यांनी बराच वेळ चहात चमचा फिरवला. ते बिनसाखरेचा चहा पीत. म्हणाले, "मॅडम, आई थकली. गावातली एक मास्तरीण आहे. आईनं शब्द देऊन टाकला." आणि माझ्याकडे वळून, जणू मीच विमलची आई, "वहिनी, मी नाही म्हटलं असतं. पण कोणत्या सालापर्यंत नाही म्हणू, ते मला सांगता येईना."

मी भांडायच्या तयारीनं गॉगल काढला. विमलनं टेबलाखाली माझा पाय दाबला.

"बरं केलं," ती म्हणाली. "नवरीले उखाणा येते का?"

"तिला कुठला येणार?"

"मी करून देते."

गल्लीच्या तोंडाशी, रिक्षातून उतरताना ती मला म्हणाली, "थांब. यमक बसते का पाहू दे." आणि तिथंच, भाजीवालीच्या टोपलीशेजारी उभी राहून, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन तिनं म्हटलं:

पंचशीलाची साक्ष, पांढऱ्या फुलांची ओंजळ,
सुखदेवरावांचं नाव घेते, मन माझं निर्मळ.

दहा वर्षांत त्या माणसाचं नाव तिनं पहिल्यांदा घेतलं. दुसऱ्या बाईच्या वतीनं. भाजीवाली कौतुकानं म्हणाली, "वा वं माय! नवीन लग्न झालं का?"

"हो," विमल म्हणाली. "वांगी नको, दोडके दे."

ती त्यानंतर बदलली, असं मी म्हणणार नाही. वाईट झाली, असं मात्र म्हणेन. उखाणे करायची बंद झाली; कोणी आलीच तर असा करून द्यायची की त्यात सासूचा अपमान असावा आणि तो लग्न लागल्यावर कळावा. माझ्या नातीच्या बारशाला आली नाही. मी एकदा हौसेनं माझ्या लग्नाचा वाढदिवस केला, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाली, "सुमनचं बरं आहे. हिले काही मिळालं नाही अन् काही गेलंही नाही." मी दोन महिने बोलले नाही. मग बोलले. गल्ली तीच, नळ तोच, किती दिवस तोंड फिरवणार? शिवाय ते वाक्य खरं होतं, हे मला त्या दोन महिन्यांत हळूहळू दिसू लागलं होतं.

बेबी शिकली, बँकेत लागली. आणि ऐंशीच्या पुढे, केव्हातरी, तिनं घरी सांगितलं की मी बँकेतल्या रामटेकेशी लग्न करणार. रामटेके म्हणजे मेश्रामांच्याच समाजातला. मला वाटलं, आता घर पेटेल. तिसऱ्या दिवशी भाऊ पेढे घेऊन आमच्याकडे आला. रजिस्टर लग्न झालं, संध्याकाळी लॉनवर स्वागत समारंभ. भाऊनं माइक हातात घेतला. "आम्ही जात पाहिली नाही. आम्ही माणूस पाहिला. काळ बदलला आहे, आपणही बदललं पाहिजे." टाळ्या पडल्या. रस्ता ओलांडणारे ते वकील सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होते. जावई अधिकारी होता, हे सांगायला नको. माणूस पाहताना भाऊनं त्याची खुर्चीही नीट पाहिली होती.

बायकांनी बेबीला नाव घ्यायचा आग्रह केला. ती हसून म्हणाली, "नाव काय घ्यायचं? अजय. ए अजय, इकडे ये ना, या सगळ्या तुझं नाव विचारतायत." सगळ्या हसल्या. पेठेकाकूसुद्धा, बोळक्या तोंडानं. विमल माझ्या शेजारी उभी होती. तिनं एकदा त्या मुलाकडे पाहिलं, एकदा बेबीकडे.

जेवणाच्या टेबलापाशी भाऊ आला. आनंदानं भिजलेला माणूस. त्याला तिच्याशीही चांगलं वागायचं होतं. म्हणाला, "विमल, तूही तेव्हा अशीच ठाम बोलली असती ना, तर आम्ही काही राक्षस थोडेच होतो? तू बोललीच नाही कधी."

विमलच्या ताटात जिलबी होती. तिनं ती सावकाश संपवली.

"हो भाऊ, माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी तुमचं ऐकलं."

माझ्यानं राहवलं नाही. बेबी तिथंच होती. मी तिलाच धरलं. "तुझ्यासाठी थांबली वं ही! तुझं लग्न व्हावं म्हणून हिनं..."

"काकू, मी आठवीत होते," बेबी म्हणाली. उद्धट नव्हती ती, तिचे डोळे भरले होते. "मला कोणी विचारलं का? मी कधी म्हटलं होतं, आत्या, थांब म्हणून?"

मी विमलकडे पाहिलं. तिनं मला झापावं, बेबीला झापावं, काहीतरी करावं.

"खरं बोलून राहिली ती," विमल म्हणाली. "तिले काहून बोलते?"

महिन्याभरात तिनं गोंदियाला बदली मागून घेतली. भाऊनं फार सांगून पाहिलं, घर तुझंच आहे म्हणाला. "म्हणूनच," ती म्हणाली. मी विचारलं, "गोंदियाले कोण आहे तुझं?" म्हणाली, "कोणी नाही. तेच तर चांगलं आहे तिथलं."

एस.टी. स्टँडवर पोचवायला मी एकटी गेले. भाऊकडे जावयाकडचे पाहुणे होते. तिच्याजवळ एक ट्रंक नि एक वळकटी. ट्रंक टपावर गेली, वळकटी तिनं सीटवर शेजारी ठेवली. मी खिडकीखाली उभी राहून रडायला लागले, आणि मी रडते म्हणजे सगळा फलाट पाहतो, असा माझा रडण्याचा आवाज.

"रडू नको वं," ती वरून म्हणाली. "काजळ पसरून राहिलं. लोक म्हणतील, तुलेच टाकलं."

मी रडता रडता हसले. तिला शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. पुढे मी गोंदियाला जायचं ठरवत राहिले, ती इकडे यायचं नाव काढेना, आणि मग तिकडून ती गेल्याची बातमीच आली.

त्या दिवशी गाडी गच्च भरली होती. सुटायच्या वेळी एक तरुण बाई चढली, काखेत तान्हं पोर, खांद्याला पिशवी. तिच्या नवऱ्यानं विमलला म्हटलं, "मावशी, वळकटी खाली घ्या ना. हिले बसू द्या."

विमलनं वळकटीवर हात ठेवला.

"सोबत कोण आहे?" कंडक्टरनं विचारलं.

"कोणी नाही."

"मग सरका ना बाई. लेकुरवाळी आहे."

"नाही सरकत."

मागून कोणी तरी बोललं, "काय बाई आहे!" दुसऱ्यानं आणखी काही म्हटलं. पोर रडू लागलं. त्या तरुण बाईनं एका हातानं दांडा धरला, दुसऱ्यानं पोराला छातीशी घेतलं. तिचा काय दोष होता? मी खिडकीखालून पाहत होते. 'सरक वं विमल' एवढंच म्हणायचं होतं. माझं तिनं ऐकलं असतं. मी तोंड उघडलंही. मग मिटलं.

घंटी वाजली. विमल समोर पाहत होती, वळकटीवर हात तसाच. गाडी फाटकातून वळली तेव्हा ती पोरवाली बाई अजून उभीच होती.